संग्राह्य नाण्यांची स्वच्छता: आधी धातू ओळखावा, मग द्रावण निवडावे

नाण्यावर दिसणाऱ्या प्रत्येक डागाबाबत पहिला प्रश्न एकच असतो: हा डाग बाहेरून येऊन बसला आहे, की नाण्याच्या धातूतूनच तयार झाला आहे? माती, धूळ, बोटांचा तेलकटपणा, चिकटपट्टीचा गोंद, मेण, प्लास्टिकच्या पाकिटातून सुटलेला चिकट थर ही सगळी बाहेरची घाण असते आणि योग्य द्रावक वापरल्यास खालच्या धातूला धक्का न लागता ती निघून जाते. चांदीवरचा काळेपणा, तांब्यावरचा तपकिरी रंग, लोखंडावरचा गंज हे मात्र मूळ धातूचेच बदललेले रूप असते, त्यामुळे ते काढायचे म्हणजे नाण्याचा तेवढा पृष्ठभागच काढून टाकायचा. पहिल्या प्रकारची घाण काढावी आणि दुसऱ्या प्रकारच्या थराला अगदी नाइलाज झाल्याखेरीज हात लावू नये, या एका नियमावर पुढची सगळी कृती उभी आहे.

जाणते संग्राहक याबाबत इतके काटेकोर का असतात, हे न वापरलेले नाणे भिंगाखाली पाहिल्यावर ध्यानात येते. टांकसाळीत ठशाच्या दाबाखाली धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. असे नाणे दिव्याखाली तिरपे धरून हळूहळू फिरवले, की प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे त्यावरून फिरताना दिसतात. आम्लात बुडवलेल्या नाण्यावरच्या या रेषांची टोके सर्वांत आधी विरघळतात. नाणे पांढरेशुभ्र होते खरे, पण कितीही फिरवले तरी त्यावरचा प्रकाश जागचा हलत नाही. घासलेल्या नाण्याची खूण वेगळी असते. त्यावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे असतात, ज्यांना संग्राहक ‘हेअरलाइन’ म्हणतात, आणि ते पाच ते दहा पटींच्या साध्या भिंगातूनही लपत नाहीत. पीसीजीएस आणि एनजीसी या नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या कंपन्या नाण्याला १ ते ७० या श्रेणीतला अंक देतात. चुकीच्या रीतीने साफ केल्याचे आढळलेल्या नाण्याला मात्र असा अंक न देता ‘डिटेल्स’ असा शेरा देतात. बाजारात या शेऱ्याचा अर्थ सर्वांना कळतो.

म्हणून दुर्मीळ, न वापरलेल्या किंवा आरशासारख्या ‘प्रूफ’ नाण्यांबाबत सर्वांत शहाणपणाची कृती म्हणजे ते नाणे आहे तसे ठेवणे. खाली सांगितलेल्या रीती मुख्यतः वापरात फिरलेल्या, मळलेल्या, गोंद किंवा प्लास्टिकचा थर चढलेल्या नाण्यांसाठी आहेत. त्याही आधी एखाद्या कमी मोलाच्या, पण त्याच धातूच्या नाण्यावर करून पाहाव्यात.

धातूची ओळख

एकाच मूल्याच्या, एकाच आकाराच्या नाण्याचा धातू वर्षागणिक बदललेला असू शकतो. ब्रिटनची चांदीची चलनी नाणी १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदीची होती, १९२० पासून १९४६ पर्यंत ती ५० टक्क्यांवर आली आणि १९४७ पासून त्यांत चांदी उरलीच नाही, ती तांबे-निकेलची झाली. अमेरिकेचे एक सेंटचे नाणे १९८२ च्या मध्यापर्यंत बहुतांशी तांब्याचे होते. त्यानंतरचे नाणे जस्ताचे असून त्यावर तांब्याचा केवळ पातळ मुलामा आहे. या दोन सेंटना वरून पाहून वेगळे सांगणे कठीण, पण आम्लाशी त्यांचे वागणे अगदी निराळे. त्यामुळे नाण्यावरचे वर्ष वाचून कॅटलॉगमध्ये धातू पाहणे ही स्वच्छतेची पहिली पायरी समजावी.

कॅटलॉग हाती नसेल तर लोहचुंबक उपयोगी पडतो. लोखंड, पोलाद आणि शुद्ध निकेल चुंबकाला चिकटतात. ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल असलेला नेहमीचा नाण्यांचा मिश्रधातू चिकटत नाही, तसेच सोने, चांदी, तांबे, जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमही चिकटत नाहीत. चुंबक नाण्यावर घासू नये, कागदाच्या आडून जवळ नेला तरी पुरते. वजनही बरेच सांगून जाते, कारण सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, चांदीची १०.५ पट, तांब्याची सुमारे ८.९ पट आणि अ‍ॅल्युमिनियमची अवघी २.७ पट असते.

सर्व धातूंना चालणारी मूळ रीत

काम नळाखाली किंवा बेसिनमध्ये करू नये. ओले नाणे निसटतेच, आणि चिनी मातीवर आपटलेल्या कडेची खोक कायमची राहते. टेबलावर मऊ टॉवेलची दुपदरी घडी पसरावी, त्यावर काचेच्या लहान वाट्या मांडाव्यात आणि नाणे नेहमी कडेला दोन बोटांत धरून टॉवेलच्या वरच हाताळावे. एका वाटीत एकच नाणे घालावे.

प्रथम नाणे कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात, ते सुकताना डाग पाडतात, आणि क्लोराइड तर तांब्याचा उघड शत्रू आहे. काही वेळाने पाण्यात बिनवासाच्या, सौम्य द्रव साबणाचा एखादा थेंब टाकून वाटी हलकेच फिरवावी, म्हणजे सुटी झालेली माती आपोआप खाली बसते. ब्रश, कापड, टूथपेस्ट, राख, खाण्याचा सोडा यांपैकी काहीही नाण्यावर चोळू नये. टूथपेस्ट दाताच्या कठीण आवरणासाठी बनवलेली असते आणि सोने, चांदी, तांबे हे तीनही धातू त्या आवरणापेक्षा मऊ आहेत. साबणानंतर ताजे डिस्टिल्ड वॉटर दोन-तीनदा बदलून नाणे निथळून घ्यावे.

पाण्यात क्षार विरघळतात, पण तेल, गोंद, मेण आणि प्लास्टिकचे अवशेष विरघळत नाहीत. त्यांच्यासाठी अ‍ॅसिटोन लागते. ते शुद्ध असावे. नखांचे पॉलिश काढण्याच्या द्रवात सुगंध, रंग आणि तेलकट पदार्थ मिसळलेले असतात आणि तेच नाण्यावर मागे राहतात. अ‍ॅसिटोनसाठी दोन वाट्या घ्याव्यात. पहिलीत नाणे झाकून ठेवावे, घाण सुटली की दुसरीतल्या स्वच्छ अ‍ॅसिटोनमधून विसळून काढावे. ही दुसरी वाटी पुष्कळ जण टाळतात आणि मग नाण्यावर धूसर पापुद्रा का आला, असे विचारतात: अ‍ॅसिटोन झपाट्याने उडून जाते, त्यात विरघळलेली घाण मात्र उडत नाही, ती पुन्हा नाण्यावरच बसते.

अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आसपास शेगडी, उदबत्ती, हीटर काहीही पेटलेले नसावे आणि काम संपताच बाटलीचे झाकण घट्ट लावावे. नेहमीचे पातळ नायट्राइलचे हातमोजे अ‍ॅसिटोनपुढे टिकत नाहीत, म्हणून नाणे बुडवण्यास व काढण्यास बांबूचा किंवा लाकडी चिमटा वापरावा. प्लास्टिकच्या वाट्या तर नकोतच, कारण काही प्लास्टिके अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतात.

शेवटी नाणे धागे न सुटणाऱ्या मऊ कापडावर ठेवून वरून दुसरे कापड अलगद टेकवावे. पुसू नये, टिपावे. अ‍ॅसिटोन हा शेवटचा टप्पा असल्यास पाणीही त्याच्याबरोबर निघून जाते आणि नाणे क्षणार्धात कोरडे होते.

या रीतीचा सर्वांत मोठा उपयोग पीव्हीसी या प्लास्टिकपासून आलेल्या थरावर होतो. मऊ, वाकणाऱ्या स्वस्त पाकिटांच्या पीव्हीसीमध्ये मिसळलेला मऊपणा आणणारा पदार्थ कालांतराने बाहेर झिरपतो आणि पीव्हीसी विघटन पावताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. अशा पाकिटात वर्षानुवर्षे राहिलेले चांदीचे नाणे तिरपे धरून पाहिल्यास अक्षरांच्या कोपऱ्यांत, मुकुटाच्या किंवा केसांच्या खाचांत हिरवट, चिकट, किंचित चमकणारा लेप दिसतो, आणि टूथपिकचे टोक लावले तर तो ताणला जातो. असे नाणे अ‍ॅसिटोनमध्ये ठेवल्यावर लेप सैल पडतो. उरलेला भाग काढण्यासाठी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्या जागी ठेवून लाटण्यासारखा फिरवत न्यावा, ओढू नये, आणि प्रत्येक फेरीला नवा बोळा घ्यावा. आम्लाने तोवर धातू खाल्ला असेल तर लेपाखाली बारीक खड्डे दिसतील. त्यांवर उपाय नाही, पण नुकसान तिथेच थांबते.

सोने

सोन्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. ते काळवंडत नाही आणि साबण, पाणी, अ‍ॅसिटोन एवढ्यात त्याचे काम होते. मात्र ते अतिशय मऊ असल्याने मखमलीच्या कापडानेही त्यावर रेषा उमटू शकतात. २२ कॅरटच्या नाण्यांतले उरलेले ८.३३ टक्के बहुधा तांबे किंवा चांदी असते, आणि काही नाण्यांवर त्यामुळे तांबूस ठिपके येतात. ते आम्लाने काढण्याचा मोह आवरावा, कारण ठिपक्याच्या जागी फिकट वर्तुळ राहते.

चांदी

चांदीचा काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. हवेतील हायड्रोजन सल्फाइड, रबर बँड, लोकर आणि काही प्रकारचे पुठ्ठे यांतील गंधक चांदीशी संयोग पावतो आणि थर जसजसा जाड होतो तसतसा रंग बदलतो: आधी सोनेरी पिवळा, मग जांभळट, मग निळा आणि शेवटी काळा. हे रंग पातळ थरावरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या खेळातून येतात. सलग, सहज मिसळत गेलेले टोनिंग, म्हणजे असा रंगीत थर, असलेल्या चांदीच्या नाण्याला संग्राहक चकचकीत नाण्यापेक्षा जास्त पैसे मोजतात, आणि माझ्या मते ते योग्यच करतात. असे नाणे साफ करणे हा शुद्ध तोटा आहे.

अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा हा चांदीसाठीचा प्रसिद्ध घरगुती उपाय. त्यात विद्युत-रासायनिक क्रियेने सल्फाइडमधला गंधक सुटतो आणि चांदी पुन्हा धातुरूपात येते, म्हणून या उपायाने चांदी वाया जात नाही, असे सांगतात. ते अर्धवट खरे आहे. परत आलेली चांदी मूळ रेषांवर गुळगुळीत बसत नाही, तर सच्छिद्र, मंद थर म्हणून बसते आणि नाणे सगळीकडून सारखेच पांढरट, सपाट दिसू लागते. काटे-चमच्यांसाठी उपाय उत्तम, संग्रहातल्या नाण्यासाठी नाही.

काळेपणा काढण्यासाठी नाणे बुडवण्याच्या, तयार मिळणाऱ्या ‘डिप’ द्रावणांत बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असते. अनुभवी विक्रेते कधीकधी नाणे त्यात काही सेकंदच बुडवून लगेच भरपूर पाण्याने धुतात. धुणे अपुरे पडले तर मागे राहिलेल्या द्रावणाने नंतर पिवळट-तपकिरी डाग उमटतात. प्रत्येक बुडवणीत धातू जातोच. पूर्ण काळ्या पडलेल्या नाण्यावर हा प्रयोग मुळीच करू नये, कारण इतक्या जाड थराखालचा पृष्ठभाग आधीच खाल्लेला असतो आणि थर गेल्यावर तो करडा, निस्तेज पृष्ठभाग उघडा पडतो. थायोयुरिया आरोग्यालाही चांगला नाही.

जमिनीतून मिळालेल्या चांदीच्या नाण्यावर कधी करड्या-जांभळट रंगाचा, शिंगासारखा जाड थर असतो. तो सिल्व्हर क्लोराइडचा असतो. साबणाने तो हलत नाही आणि खरवडल्यास खालचे तपशीलही बरोबर निघतात, म्हणून असे नाणे धातुसंवर्धनाचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडेच द्यावे. चांदी निम्म्याहून कमी असलेल्या मिश्रधातूच्या, वरून चांदीचा पातळ लेप दिलेल्या नाण्यांबाबतही हेच. तिसऱ्या शतकातील अनेक रोमन नाणी अशी आहेत, आणि त्यांच्यावरचा लेप एका चुकीच्या बुडवणीत नाहीसा होऊ शकतो.

तांबे, कांसे आणि पितळ

सर्वांत जास्त नाणी बिघडतात ती या गटात. नवे तांबे लालसर असते, मग तपकिरी होते, आणि तो तपकिरी थर, अर्थात तांब्याचे ऑक्साइड, खालच्या धातूचे रक्षण करतो. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचा कोळ, टोमॅटोचा सॉस अशा आंबट पदार्थांनी हा थर झटक्यात निघतो आणि नाणे गुलाबी-नारिंगी होते. हा रंग नव्या नाण्याचा नसतो. पाहणाऱ्याच्या तो लगेच लक्षात येतो, आणि काही दिवसांत नाणे पुन्हा काळवंडू लागते ते ठिकठिकाणी डागाळत. पितळेत आम्ल जस्त आधी ओढून घेते आणि मागे तांब्याचे लालसर चट्टे राहतात. अमोनिया असलेली साफसफाईची द्रावणेही तांब्याला आणि पितळेला खातात.

तांब्याच्या नाण्याला साबण-पाण्याचा टप्पा थोडक्यात आटोपावा आणि लगेच अ‍ॅसिटोनमधून काढून कोरडे करावे. बोटाचा ताजा ठसा दिसल्यास टाळाटाळ करू नये: घामातले क्षार तांब्यात उतरले, की तो ठसा कायमचा होतो. तांब्यावरच्या हिरव्या कळंकासाठी धीर लागतो. नाणे शुद्ध मिनरल ऑइलमध्ये काही आठवडे बुडवून ठेवावे, मधूनमधून बाहेर काढून टूथपिकचे टोक तेलात बुडवून भिंगाखाली कळंकाच्या कडेपासून आत हळूहळू टेकवत जावे, आणि सुटेल तेवढेच सोडवावे. ऑलिव्ह तेलाची शिफारस पुष्कळ ठिकाणी आढळते, पण त्यात स्वतःची थोडी आम्लता असते. मिनरल ऑइल निष्क्रिय असल्याने दीर्घ मुदतीला तेच बरे. शेवटी तेल अ‍ॅसिटोनने काढावे.

कळंकाहून वेगळा आणि अधिक गंभीर प्रकार म्हणजे कांस्यरोग. नाव रोगाचे असले तरी त्यात जंतू नसतात. पुरलेल्या नाण्यात शिरलेल्या क्लोराइडपासून धातूत क्युप्रस क्लोराइड तयार होते, त्याला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की आम्ल सुटते, ते आम्ल आणखी तांबे खाते आणि चक्र चालू राहते. ओळख सोपी आहे. निरुपद्रवी हिरवा थर कठीण, गुळगुळीत आणि गडद असतो. कांस्यरोगाचे ठिपके फिकट, पोपटी-पांढुरके आणि भुकटीसारखे असतात, टूथपिक लावताच झडतात, आणि खाली बारीक खड्डा दिसतो. असे नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे करावे. भुकटी टूथपिकने काढून नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवावे आणि पाणी नियमितपणे बदलत राहावे. याला आठवडे, कधी महिने लागतात. संवर्धक सोडियम सेस्क्विकार्बोनेटचे सुमारे ५ टक्क्यांचे द्रावण आणि त्यानंतर बेंझोट्रायअ‍ॅझोल वापरतात, पण पहिल्याने थराचा रंग बदलू शकतो आणि दुसरे विषारी आहे, त्यामुळे ते घरी न केलेले बरे.

प्राचीन कांस्य नाण्यांवरचा दगडासारखा झालेला मातीचा थरही याच भिजवण्याच्या मार्गाने सैल करावा. अशा नाण्यांत चित्र आणि अक्षरे पुष्कळदा धातूत उरलेलीच नसतात, ती हिरव्या थरात टिकून असतात. थर उडाला की समोर येते ती खडबडीत, कोरी चकती. विजेचा प्रवाह सोडून किंवा कॉस्टिक सोड्यात उकळून अशी कित्येक नाणी संपवली गेली आहेत.

निकेल, जस्त, अ‍ॅल्युमिनियम, लोखंड

तांबे-निकेल आणि शुद्ध निकेल ही सोशिक मंडळी. मूळ रीत पुरते. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम मात्र आम्लातही विरघळतात आणि अल्कलीतही, म्हणून लिंबू जितके वाईट तितकाच सोडाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपात काढलेल्या जस्ताच्या नाण्यांवर करडा-पांढरा थर असतो. तो तसाच राहू द्यावा, पाण्यात फार वेळ ठेवू नये आणि शक्यतो केवळ अ‍ॅसिटोन वापरावे. जपानचे १९५५ पासूनचे १ येनचे, १ ग्रॅम वजनाचे नाणे शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचे आहे आणि नखाच्या ओरखड्यालाही त्याला जपावे लागते.

लोखंड आणि पोलाद यांना पाणी जवळजवळ वर्ज्य. अमेरिकेचे १९४३ चे एक सेंटचे नाणे जस्ताचा लेप दिलेल्या पोलादी पत्र्यातून कापलेले असल्याने त्याच्या कडेवर लेपच नसतो, आणि गंज बहुधा तिथूनच आत शिरतो. अशा नाण्याची धूळ अ‍ॅसिटोनने काढावी आणि गंजाचे ठिपके घासू नयेत, कारण घासताना आजूबाजूचा शाबूत लेपही जातो. मुलामा दिलेल्या सर्वच नाण्यांना ही खबरदारी लागू पडते. दोन धातूंच्या नाण्यांत, उदाहरणार्थ १ आणि २ युरोच्या, मधला गाभा आणि बाहेरचे कडे यांच्या सांध्यात पाणी अडकते, म्हणून त्यांना अ‍ॅसिटोनची शेवटची बुडी चुकवू नये. शिशाच्या जुन्या मुद्रांवरची पांढरी भुकटी विषारी असते. ती फुंकू नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

स्वच्छतेनंतर

स्वच्छ केलेले नाणे उघडे असते, कारण त्यावरचा तेलकट थरही गेलेला असतो, म्हणून ते त्याच दिवशी पाकिटात घालावे. पाकीट पॉलिएस्टरचे, म्हणजे मायलर प्रकारचे असावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटाचा नव्या शालेय वह्यांच्या कव्हरसारखा तीव्र वास येतो, तो आला तर पाकीट टाकून द्यावे. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओलावून गेल्या की बदलाव्यात. कांस्य नाण्यांसाठी आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राखणे इष्ट. डबा लाकडाचा नसावा, कारण ओकसारख्या काही लाकडांतून सुटणारी आम्लाची वाफ शिशाला लागते. भिजवून काढलेली कांस्य नाणी पहिले काही महिने मुख्य संग्रहात मिसळू नयेत. ती वेगळ्या डब्यात ठेवून मधूनमधून भिंगाने तपासावीत, आणि फिकट हिरवा एक ठिपका जरी पुन्हा दिसला तरी त्या नाण्याचे भिजवणे पहिल्यापासून सुरू करावे.